तुम्ही विचारलंत म्हणून: इटालियन येत नाही, मग ‘ऑर्फेओ’ कशाला ऐकता?

मी गाणं शिकवते. शिकवणी आटोपली की काही मुली रेंगाळतात, तेव्हा कधीकधी मी ‘ऑर्फेओ’ या इटालियन ऑपेराची, म्हणजे सबंध गाऊन केलेल्या नाटकाची, डीव्हीडी लावते. थोड्या वेळानं प्रश्न येतोच. मुली विचारतात, त्यांना न्यायला आलेल्या आयाही विचारतात: ताई, यातलं काही कळतं तरी का तुम्हाला?

आता कळतं. या ऑपेरापुरतं बसून शिकले. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक शब्द कळत नव्हता, आणि तरी एका जागी डोळे भरून आले होते. त्या जागेपाशी तुम्हाला न्यायचंय.

‘ऑर्फेओ’चा संगीतकार क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दी इटलीतल्या मान्तोव्हात, गोन्झागा घराण्याच्या दरबारी नोकरीला होता. फेब्रुवारी १६०७ मध्ये कार्निव्हालच्या दिवसांत तिथल्या राजवाड्यात निवडक मंडळींपुढे ‘ऑर्फेओ’ झाला. गोष्ट ग्रीक पुराणातली. ऑर्फेओ मोठा गवई. त्याची नवी नवरी युरिदिचे फुलं वेचताना साप चावून मरते. तिला परत आणायला तो पाताळात उतरतो, आणि तिथून निघताना मागे वळून बघायचं नाही ही अट त्याच्याच्यानं पाळली जात नाही.

यात बोलणंच गाणं होतं. शब्द बोलताना आवाज जसा चढतो, अडतो, खचतो, तसाच सूर जातो. खाली छापलेली असते ती बहुतेक ठिकाणी नुसती खर्जाची ओळ. बाकीचं हार्प, ल्यूट, हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यांनी आपापल्या समजुतीनं भरायचं. म्हणून एक रेकॉर्डिंग दुसऱ्यासारखं नसतं.

माझं आवडतं २००२ चं, बार्सिलोनाच्या लिसेउ थिएटरातलं. हे थिएटर १९९४ च्या आगीत जळालं आणि १९९९ मध्ये पुन्हा उघडलं. वाद्यवृंदाचं संचालन जोर्दी साव्हाल यांचं. जुन्या काळचा पोशाख घालून ते येतात आणि तुताऱ्यांची सलामी झडते. मग ‘संगीत’ ही देवताच स्टेजवर येऊन नमन गाते. आपल्या संगीत नाटकाची नांदी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटतच नाही. ती देवता म्हणजे मोन्सेरात फिगेरास, साव्हाल यांच्या पत्नी. युरिदिचे झाली आहे त्यांची मुलगी आरियाना. फिगेरास २०११ मध्ये गेल्या. त्यानंतर हे नमन लावलं की मी उठून दुसरं काही काम करू शकत नाही.

जाणकार सहसा तिसऱ्या अंकातलं ‘पोस्सेन्ते स्पिर्तो’ ऐकायला सांगतात. पाताळाच्या नदीवरच्या नावाड्याला ऑर्फेओ विनवतो ते गाणं. १६०९ साली छापलेल्या प्रतीत त्याच्या दोन ओळी दिल्या आहेत: एक साधी चाल, दुसरी तीच चाल हरकती-मुरक्यांनी भरलेली, आणि सूचना अशी की दोहोंपैकी एकच गावी. एकच सूर गळ्यात भरभर घोटायची जागा येते तेव्हा माझ्या मुली एकमेकींकडे बघतात. ऑर्फेओ झालेले फुरिओ झानासी हे गाणं फार सुंदर गातात. आणि नावाडी म्हणतो, गाणं गोड लागलं, पण दया माझ्या स्वभावात नाही. पुढे त्याला झोप लागते तेव्हा कुठे ऑर्फेओला होडी मिळते.

पण माझी जागा दुसऱ्या अंकात आहे. ऑर्फेओ खुशीत आहे, धनगर मित्रांबरोबर नाचऱ्या ठेक्यात गातो आहे. एवढ्यात युरिदिचेची सखी सिल्व्हिया येते. ‘आही, काझो आचेर्बो!’ हाय, केवढा हा घात! ठेका नाहीसा होतो. प्रतीत इथे फक्त लाकडी नळ्यांचा ऑर्गन आणि एक मोठी ल्यूट सांगितली आहे. सिल्व्हिया झालेल्या सारा मिंगार्दो यांचा आवाज खालच्या पट्टीतला, काळोखा. तिला सांगायचंय आणि सांगवत नाही.

‘तुझी सुंदर युरिदिचे...’ ती म्हणते. ऑर्फेओ मध्येच: ‘ओइमे (हाय रे), हे काय ऐकतोय मी?’ ती म्हणते, तुझी लाडकी बायको मेली. यावर त्याचं उत्तर एकच शब्द: ‘ओइमे.’

हे मी पेटीवर वाजवून दाखवते. तिच्या सुरांचा जो पाया आहे तो षड्ज धरला तर त्यावर शुद्ध गंधार उभा आहे. तो तोंड उघडतो आणि त्याच जागी कोमल गंधार येतो. मधे पूल नाही, मींड नाही. दोन माणसं एकाच बातमीच्या दोन काठांवर आहेत. मी दोन्ही पट्ट्या पाठोपाठ दाबते आणि मुली गप्प होतात. त्यांनाही इटालियन येत नाही.

तरी शब्द शिकाच, असं मी सांगते. आलेस्सान्द्रो स्त्रिज्जोची संहिता आधी अर्थासकट वाचून काढा. मी वहीत एकेका शब्दाचा अर्थ लिहीत गेले. ‘मोर्ता’ म्हणजे मेलेली. लिहिताना लक्षात आलं, हा तर आपल्या ‘मृत’चा सख्खा. शब्द नसते शिकले तर सिल्व्हियाच्या पुढच्या बोलण्याला मी कायमची मुकले असते. ऑर्फेओ पाताळात जायला निघून जातो, धनगर त्याच्या दुःखात बुडालेले असतात, आणि ती स्वतःबद्दल बोलते. या जिभेनं मी सुरी आणली, ऑर्फेओचा जीव घेणारी. आता मी सगळ्यांना नकोशी, माझी मलाही. अपशकुनी वटवाघळासारखी उन्हापासून पळेन, एकट्या गुहेत दिवस काढेन.

तिनं फक्त निरोप आणला होता. एवढं गाऊन ती जाते, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या अंकात ती पुन्हा दिसत नाही.