माझ्या ‘जागतिक’ गुंतवणुकीत सॅमसंग नव्हती

मी सप्टेंबर २०२१ मध्ये परदेशी शेअर बाजारांच्या इंडेक्स फंडात पैसे घालायला लागले. इंडेक्स फंड म्हणजे निर्देशांकाची, म्हणजे कंपन्यांच्या एका ठरलेल्या यादीची, नक्कल करणारा फंड. त्याआधी शेअर्सशी माझा काहीच संबंध नव्हता. बचत होती, ती बँकेत पडून होती. एका देशाच्या, त्यातही आपण जिथे नोकरी करतो त्याच देशाच्या भरवशावर सगळं म्हातारपण ठेवायचं, याची मला भीती वाटत होती. पगार तिथलाच, घर तिथलंच, आणि बचतही तिथलीच.

खातं उघडणं सोपं गेलं. ओळखपत्र, पत्ता, बँक खातं, आणि मी कोणत्या देशात कर भरते याचं स्वयंघोषणापत्र. त्या शेवटच्या कागदावर मी दोन दिवस अडले, कारण तो का मागतात तेच कळत नव्हतं. परदेशी कंपन्या लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, देतात तेव्हा त्यांचा देश उगमापाशीच कर कापून घेतो. अमेरिकेत तो दर एरवी ३० टक्के आहे आणि दोन देशांत कर-करार असेल तर सहसा कमी होतो. फंडाच्या बाबतीत ही कापणी फंडाच्या पातळीवर होते. त्यामुळे फंड कोणत्या देशात नोंदवलेला आहे, यालाही महत्त्व असतं. हे समजल्यावर सही करताना हात थांबला नाही.

फंड निवडताना मात्र मी चुकले. मी दोन घेतले, एक एस अँड पी ५०० चा, म्हणजे अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, आणि एक एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या संस्थेच्या ‘वर्ल्ड’चा, निम्मे-निम्मे पैसे. मनात हिशेब असा की अर्धं अमेरिकेत आणि अर्धं जगात. दोन-तीन महिन्यांनी मोठ्या बहिणीला, ताईला, मोठ्या उत्साहाने ते दाखवलं. ती हिशेबाच्या कामात मुरलेली आहे. तिने फंडाची किंमत किती वाढली ते बघितलंच नाही, सरळ फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, उघडायला लावली आणि देशांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. “हे बघ, तुझ्या ‘वर्ल्ड’मध्येच दोन तृतीयांशाहून जास्त अमेरिका आहे. मग तुझ्या शंभरातले किती अमेरिकेत गेले?”

मी कागदावर मांडलं. ऐंशीहून जास्त.

याचं कारण कुणी लपवलेलं नव्हतं. हे निर्देशांक कंपन्यांना बाजारमूल्यानुसार वजन देतात, म्हणजे बाजारात खुलेपणाने उपलब्ध असलेल्या शेअर्सची एकूण किंमत जितकी मोठी तितका तिचा वाटा मोठा. अमेरिकी कंपन्या महाग आणि मोठ्या, म्हणून त्यांचा वाटा मोठा. नावातला ‘वर्ल्ड’ वाचून मी नकाशा डोळ्यांसमोर आणला होता. शिवाय एमएससीआय वर्ल्डमध्ये फक्त २३ विकसित देश आहेत. चीन, भारत, ब्राझील त्यात नाहीतच. नावांचा आणखी एक घोळ असा की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फंडांच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर बहुधा त्यात अमेरिका सोडून बाकीचे देश असतात, आणि ‘ग्लोबल’ असेल तर अमेरिका धरून सगळे.

मग मी उदयोन्मुख बाजारांचा, म्हणजे चीन, भारत, ब्राझील अशा देशांचा, तिसरा फंड जोडला. आता तरी जग पुरं झालं, असं मला वाटलं. ताईने पुन्हा एकच प्रश्न विचारला. “यात सॅमसंग कुठाय?”

मी वर्ल्डच्या यादीत शोधलं, नव्हती. उदयोन्मुख फंडाच्या यादीत शोधलं, तिथेही नव्हती. इतकी मोठी कंपनी दोन्हीकडून गायब कशी? अख्खी संध्याकाळ गेली तेव्हा उलगडा झाला. माझा उदयोन्मुख फंड एफटीएसई या दुसऱ्या संस्थेच्या निर्देशांकावर चालत होता. सॅमसंग ज्या देशाची, त्या दक्षिण कोरियाला एफटीएसई विकसित देश मानते, एमएससीआय त्याला उदयोन्मुख मानते. एकीचा विकसित फंड आणि दुसरीचा उदयोन्मुख फंड घेतला की कोरिया मधल्या फटीतून खाली पडतो. उलट जोडी लावली तर तोच देश दोनदा येतो. मला हे कोणत्याच माहितीपत्रकात ठळक दिसलं नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगते: दोन फंड जोडायचे असतील तर दोन्हींचे निर्देशांक एकाच घरचे आहेत का, ते आधी बघा.

हे दुरुस्त करायचं ठरवलं आणि तेवढ्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्च २०२२ मध्ये एमएससीआय आणि एफटीएसई या दोघींनीही रशियाला आपल्या निर्देशांकांतून काढलं, आणि काढताना त्या शेअर्सची किंमत जवळजवळ शून्य धरली. परदेशी गुंतवणूकदारांना ते शेअर्स विकताच येत नव्हते. माझ्या उदयोन्मुख फंडातला तेवढा तुकडा गेला. तो लहान होता, माझ्या सगळ्या पैशांत तर अगदीच लहान. पण एका देशाचा बाजार काही दिवसांत शून्य होऊ शकतो, हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं, आणि तोच देश माझा एकमेव बाजार असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे २०२२ सालभर घसरणच होती. एमएससीआय वर्ल्ड त्या वर्षी डॉलरमध्ये सुमारे १८ टक्के खाली आला. माझ्या चलनात मात्र तीच घसरण बरीच कमी दिसली, कारण त्या वर्षी डॉलर बहुतेक चलनांपुढे वधारला होता. तेव्हा मला चलनाचा भाग खरा समजला. बाजार १० टक्के वर गेला आणि तिथलं चलन आपल्या चलनापुढे १० टक्के पडलं, तर हातात शंभराचे ९९ राहतात. २०२२ साली चलन माझ्या बाजूने होतं, पुढच्या वेळी विरुद्ध असू शकतं. लांब मुदतीसाठी मी ते स्वीकारलं. पण पाचेक वर्षांत लागणारे पैसे मी यात घालत नाही, ते अजूनही बँकेत आहेत.

त्याच वर्षी एकदा हप्त्याचे पैसे ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणाऱ्या फंडात, टाकताना मी घाई केली. सकाळी बाजार उघडताक्षणी ‘मिळेल त्या किमतीला’ अशी ऑर्डर दिली. ज्या देशांचे शेअर्स त्या ईटीएफमध्ये होते, त्यांतले बहुतेक बाजार तेव्हा बंद होते. खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर मोठं होतं आणि मला चढ्या भावाने युनिट्स मिळाली. तेव्हापासून मी किंमत ठरवून देते आणि मूळ बाजार चालू असतील अशी वेळ गाठते.

सगळं घसरत असताना ‘फक्त अमेरिका ठेव, बाकी काढ’ असं सांगणारे खूप भेटले. मी जुनं वाचत बसले. १९८९ च्या अखेरीस जपानचा बाजार एमएससीआय वर्ल्डमध्ये अमेरिकेपेक्षाही मोठा होता. तिथला निर्देशांक निक्केई त्या डिसेंबरमध्ये ३८,९१५ वर पोहोचला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं! ज्याने ८९ साली ‘फक्त जपान’ म्हटलं असेल, त्याची सारी कमावती वर्षं त्यात गेली. अमेरिकेलाही २००० ते २००९ हे दशक असंच गेलं. एस अँड पी ५०० मध्ये लाभांश धरूनही दहा वर्षांत तोटा झाला. उदयोन्मुख बाजारांनी त्याच दशकात चांगली कमाई करून दिली. पुढचा जपान कोणता, हे मला ओळखता येणार नाही, म्हणून मला सगळे हवेत.

शेवटी मी एमएससीआय एसीडब्ल्यूआयवर चालणारा एकच फंड धरला. त्यात २३ विकसित आणि २४ उदयोन्मुख देश आहेत, आणि कोरिया एकदाच येतो. जुने तीन फंड लगेच विकले नाहीत, कारण विकून नफा झाला की कर लागतो. त्यांचे हप्ते थांबवले आणि नवे पैसे या फंडाकडे वळवले.

खर्चाचा, म्हणजे फंड दरवर्षी कापून घेतो त्या फीचा, हिशेबही तेव्हाच केला, आणि ताईकडून तपासून घेतला. वर्षाला ७ टक्के वाढ धरली आणि खर्च ०.२ टक्के असेल, तर शंभराचे ३० वर्षांत सुमारे ७२० होतात. खर्च १ टक्का असेल तर सुमारे ५७४. फंड निर्देशांकाच्या किती मागे राहिला तेही बघते, पण तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच करते. नुसत्या किमतीच्या निर्देशांकाशी केली तर फंड उगाच पुढे दिसतो.

आता दरवर्षी जानेवारीत एक दुपार यासाठी ठेवते: देशांचा तक्ता, खर्च, निर्देशांकाशी फरक. सध्या एक गोष्ट डोक्यात आहे. एसीडब्ल्यूआय मोठ्या आणि मध्यम कंपन्याच घेतो, म्हणजे बाजाराचा साधारण ८५ टक्के भाग. त्याच्याच आयएमआय नावाच्या रूपात लहान कंपन्याही येतात आणि व्याप्ती ९९ टक्क्यांच्या आसपास जाते. त्या फंडांचा खर्च आणि निर्देशांकाशी असलेला फरक मी दोन जानेवारींपासून लिहून ठेवतेय. तिसऱ्या जानेवारीत ताईसोबत बसून ठरवेन. तोवर हप्ता चालू आहे.