ओसाफुने : जुन्या जपानी तलवारी पाहायला जाताना

ओसाफुने हे जपानातलं जुन्या तलवारकारांचं गाव. तिथे जायला ओकायामा शहरातून आको मार्गाची लोकल पकडा. गाड्या विरळ आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधीच टिपून ठेवा. ओसाफुने स्टेशनपासून बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालय टॅक्सीने सातेक मिनिटांवर. सोमवारी सहसा बंद. शक्यतो महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जा. त्या दिवशी पारंपरिक घडाईचं प्रात्यक्षिक असतं. काही महिने ते नसतं, तेव्हा संकेतस्थळ पाहून निघा.

ठिणग्यांचे फोटो सगळेच काढतात. बघायची ती पोलादाची घडी. लोहवाळूपासून काढलेलं तामाहागाने पोलाद तापवायचं, मधोमध खाच पाडून दुमडायचं, पुन्हा ठोकून एकजीव करायचं. दहा-पंधरा घड्यांत मळी निघते आणि कार्बन सारखा पसरतो. त्यापुढे कार्बन जळत जाऊन पोलाद मऊ पडतं. 'हजार वेळा दुमडलेली तलवार' ही निव्वळ थाप आहे. पाणी देण्याआधी, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवण्याआधी, त्यावर माती थापतात, पाठीला जाड आणि धारेला पातळ. धार झटकन निवून कडक होते, पाठ चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर उमटणारी रेघ म्हणजे हामोन. पाणी देतानाच पातं तडकण्याचा धोका सर्वांत जास्त.

दालनात ताठ उभं राहिलं तर चकचकीत पट्टीपलीकडे काही दिसत नाही. गुडघे वाकवा, दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर आणा आणि डोकं हळूहळू सरकवत ते हामोनवरून न्या. चौपट मोठं दाखवणारी एकनळी छोटी दुर्बीण सोबत हवीच. धार खाली करून ठेवलेली असेल तर ती ताची, म्हणजे कमरेला लटकवायची जुनी तलवार; वर असेल तर कताना, म्हणजे कमरपट्ट्यात खोचायची.

पारख करताना तलवारकाराची सही शेवटी पाहायची, कारण खोट्या सह्या शेकड्यांनी आहेत. आधी बाक आणि आकार, मग पोलादाचा पोत, मग हामोन, टोकावरचं त्याचं वळण, आणि सगळ्यात शेवटी मुठीत जाणारा दांडा, नाकागो; सही त्यावरच असते. बिझेनच्या, म्हणजे इथल्या जुन्या प्रांताच्या, पात्यात लवंगाच्या कळ्यांसारखा हामोन आणि त्याच्या वर धुरकट सावली, उत्सुरी, शोधा. नाकागोवरचा गंज वयाचा पुरावा असतो. तो घासला की किंमत कोसळते. जादा भोकं दिसली तर पातं आखूड केलेलं असू शकतं. धारेला आडवी गेलेली केसभर चीर, हागिरे, मात्र माफ नाही. वारंवार पॉलिश केलेल्या पात्यात आतलं मऊ पोलाद वर येतं, तेही तपासा.

इथला मानबिंदू म्हणजे सान्चोमो, तेराव्या शतकातली, सही नसलेली ताची. ओसाफुने ज्यात येतं त्या सेतोउची शहराने 2020 मध्ये देणग्या जमवून ती घेतली. ती वर्षभर मांडलेली नसते; तिच्यासाठी जाणार असाल तर तारखा पाहूनच तिकीट काढा.

हातात घेण्याची संधी मिळाली तर अंगठ्या काढा, पात्याला बोट लावू नका, त्यावर बोलू नका. घाम आणि थुंकीने गंज धरतो.

विकत घ्यायची असेल तर दोन कागद वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. जपानमधलं सरकारी नोंदणीपत्र पात्याबरोबर असलंच पाहिजे, पण ते अस्सलपणाची हमी देत नाही. त्यासाठी तलवार जतन संस्थेचं प्रमाणपत्र बघा: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो, अशी चढती श्रेणी. जपानबाहेर नेताना सांस्कृतिक विभागाची परवानगी लागते आणि नोंदणीपत्र परत करावं लागतं. भारतात नऊ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्यात येतं, तेव्हा परवान्याचं इथे ठरल्याशिवाय तिकडे पैसे देऊ नका.