मान धरून ठेवा, पाणी नको

कॅज्युअल्टीत रेसिडेंट म्हणून कोल्हापुरात आले तेव्हा फुटबॉल मॅचची अँब्युलन्स ड्यूटी म्हणजे अर्ध्या दिवसाची रजाच, असं सीनियर सांगायचे. सावलीत बसायचं, भडंग खायचं, कुणाचा घोटा मुरगळला तर बर्फ लावायचा. मी साताऱ्याची. फुटबॉल टीव्हीवर, तोही वर्ल्ड कपपुरता.

छत्रपती शाहू स्टेडियमच्या गेटातून गाडी आत घेताना ड्रायव्हरमामांनी पहिलं काम केलं ते गाडी वळवून तिचं तोंड गेटकडं करण्याचं. मॅच सुटल्यावर पायऱ्यांवरची माणसं एकदम खाली येतात, मग गाडी वळत नाही, म्हणाले. त्यांना हे मैदान हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा... एकेक नाव घेऊन ते पुढं 'तालीम मंडळ' जोडत होते. कुस्तीच्या तालमींनी उभे केलेले हे संघ. आजोबा आखाड्यातल्या मातीच्या हौद्यात अंग घासत होते, नातू शिनगार्ड बांधतोय, आणि गणपतीचा मांडवही तेच मंडळ घालतं. त्यामुळं पायऱ्यांवर बसलेल्यांना मी मनातल्या मनात प्रेक्षक म्हणत होते ते चूकच. ते सगळे खेळाडूंचे काका, मामा, दोस्त आणि घरमालक होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हेही मामांनी मला दोनदा ऐकवलं. पहिल्यांदा मी पुरेशी चकित झाले नव्हते बहुतेक.

उन्हाचा जोर होता. एका बाजूनं हलगी वाजायची, लगेच समोरच्या बाजूनं शिट्ट्या. आफ्रिकेतून आलेल्या एका बचावपटूला लोक अस्सल कोल्हापुरीत सूचना देत होते आणि तो हात वर करून दादही देत होता.

उत्तरार्धात बरोबरी असताना कॉर्नर आला. दोघं एकदम उडाले. एकाचं कपाळ दुसऱ्याच्या कानामागं आदळलं. कान लागलेला पोरगा खाली आला तो हात न टेकता, सरळ. पडताना माणूस आपोआप हात पुढं करतो. ते झालं नाही की समजायचं, जमिनीला लागायच्या आधीच शुद्ध गेलेली आहे. मी बॅग घेऊन रेषेपाशी पोचले आणि थांबले, कारण पंचांनी बोलावल्याशिवाय डॉक्टरलाही आत जाता येत नाही. पंचांनी लगेच शिट्टी मारून हात केला.

तेवढ्यात बाटल्या घेऊन चौघं त्याच्यापाशी पोचलेले. एकजण गालावर चापट्या मारतोय, दुसरा काखेत हात घालून बसता करायला बघतोय.

"पाणी नको! उठवू नका!" मी ओरडले. त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. शेवटी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी त्याचं डोकं जागच्या जागी धरलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि मानेचं हाड मोडलेलं असेल तर त्या एका उचलण्यात हातपाय कायमचे जाऊ शकतात. पण हे समजावायला वेळ कुठला! ज्याच्या कपाळानं हा पडला होता तो समोरच्या संघाचा गडी मात्र न सांगता सगळ्यांना मागं ढकलत उभा राहिला. त्याची स्वतःची भुवई फुटली होती.

पोरानं डोळे उघडले. हातपाय हलवले, मान दुखत नव्हती, बोटांना मुंग्या नव्हत्या. मी जरा सैलावले. तोच हा उठून बसला आणि म्हणाला, "खेळतो."

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला मैदानावरच विचारायचे काही ठरलेले प्रश्न असतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत, पहिला हाफ चालू आहे की दुसरा, शेवटचा गोल कुणी केला, मागची मॅच कुणाशी होती. तारीख-वार विचारण्यापेक्षा यातून जास्त कळतं. पण पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नाही : कोल्हापुरात हे प्रश्न जाहीर असतात.

"मैदान कुठलं?"

"शाहू स्टेडियम!" सात-आठ जण एका सुरात.

"त्याला बोलू द्या. शेवटचा गोल कुणी केला?"

उत्तर मागून आलं, वर तो ऑफसाइड होता की नव्हता यावर दोघांची जुंपली. पोरगा माझ्याकडं बघून हसला. मग मी अगदी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "मागची मॅच कुणाशी झाली?" त्यानं एक नाव घेतलं. त्याच्या कॅप्टनचा चेहरा पडला. मागची मॅच भलत्याच संघाशी झाली होती.

"मॅडम, काय न्हाई झालं त्याला, नुसती चक्कर आल्या," कॅप्टन तरी म्हणालाच. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा क्रेमर असाच डोकं आपटल्यावर खेळत राहिला होता आणि त्यानं पंचांनाच विचारलं होतं, ही फायनलच आहे ना? ती गोष्ट मी सांगायला घेतली, पण पायऱ्यांवरून पोराच्या नावाचा गजर सुरू झाला होता आणि तो बुटाची नाडी बांधत होता. एकदा हललेल्या मेंदूला सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर तो जिवावर बेतू शकतो. पंच माझं ऐकून घेत होते, तोवर रेषेबाहेरून पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा माणूस पुढं आला. बाकीचे गप्प झाले. तालमीचे वस्ताद.

"मानंला हाय का डोस्क्याला?" त्यांनी मला विचारलं.

"डोक्याला. शुद्ध गेली होती. मागची मॅच आठवत नाही."

"मग आज न्हाई."

"वस्ताद, वीस मिंटं ऱ्हायल्यात," कॅप्टन.

"ऱ्हाऊ देत. डोस्क्यावर पडल्याला गडी मी परत हौद्यात उतरवत न्हाई."

पोरगा मुकाट स्ट्रेचरवर आडवा झाला. पंचांनी बदली खेळाडू आत घेतला. मी इतका वेळ जे शास्त्र पाजळत होते ते या माणसाकडं आखाड्यातूनच आलेलं होतं, आणि त्याचा हुकूमही चालत होता.

अँब्युलन्समध्ये त्याला उलटी झाली. सिटी स्कॅन केला, तो स्वच्छ आला. रात्री नातेवाइकांना बजावलं की स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि मोडलेलं हाड दिसतं, मेंदूच्या कामातला बिघाड दिसत नाही; दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग चालणं, मग पळणं, मग चेंडू, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ सगळ्यात शेवटी. एकेका पायरीला किमान एक दिवस, डोकं दुखलं की एक पायरी मागं. सकाळी वॉर्डबॉयनं मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला : 'सिटी स्कॅन नॉर्मल, पुढची मॅच खेळणार'.

त्या पुढच्या मॅचच्या आधी पोरगा ओपीडीत आलाच, कॅप्टन बरोबर. फिट सर्टिफिकेट पाहिजे.

"जिना चढून आलास? डोकं ठणकलं?"

"थोडंसं."

"लिफ्टनं आणाय पायजे हुतं तुला," कॅप्टन हळूच म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "तारीख मोकळी सोडा मॅडम. आमी घालतो."

मी कागद घेतला. 'खेळण्यास तूर्त अयोग्य' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, तारीख घातली, सही केली, शिक्का मारला आणि खाली लिहिलं : प्रत वस्तादांना.

कॅप्टननं ते वाचलं. "ह्ये कशाला?" म्हणाला. "आता त्यास्नी दावल्याशिवाय गत न्हाई."