घरातले आबा, गल्लीतले आबा

मंगळवार पेठ, बुधवार, रात्री साडेअकरा.

आबांच्या उसाचा हिशेब आज जुळला. पंचगंगेकाठच्या रानातून ९ खेपा गेल्या. वहीत आबांनी काढलेला निव्वळ उसाचा आकडा वेगळा, लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅमचा त्याहून ५८.५ टन जास्त. तीन दिवस डोकं खाल्लं. संध्याकाळी सहज ५८.५ ला ९ नं भागलं. ६.५. अहो, हे तर रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन!

म्हणजे वजाबाकी होतच नव्हती. लिहिलेली मात्र होती, आणि बरोबर होती. बाहेर 'वजन' नावाचं फंक्शन (नाव दिलेलं छोटं काम) आहे, ते काट्यावरचा भरलेला आकडा देतं. हिशेबाच्या आत मी फ्लेटनं, म्हणजे तेवढ्यापुरतं फंक्शन बांधायच्या लिस्पमधल्या सोयीनं, त्याच नावाचं दुसरं बांधलं होतं: बाहेरच्याला आकडा विचार, त्यातून रिकामं वजा कर. (फ्लेटमध्ये हे चालतं, कारण तिथं आतल्या फंक्शनला स्वतःचं नाव दिसत नाही, बाहेरचंच दिसतं. स्वतःचं नाव दिसू देणारं लेबल्स घेतलं असतं तर ते स्वतःलाच हाका मारत बसलं असतं.) चूक पुढच्या ओळीत. सगळ्या खेपांवर फिरवायला मी दिलं 'वजन. हवं होतं #'वजन.

आमच्या घरात आबा म्हणजे माझे वडील. पण पोराच्या हातात 'आबा' लिहिलेली चिठ्ठी देऊन त्याला तालमीच्या कट्ट्यावर पाठवलं, तर तिथले आबा उठून येणार. त्यात कट्ट्याची काय चूक? चिठ्ठीवर नुसतं नाव आहे, घर नाही. कॉमन लिस्पमध्ये 'वजन ही तशी चिठ्ठी: घेणारा ते नाव बाहेरच्या, सगळ्यांच्या यादीत शोधतो. #'वजन म्हणजे आबांनाच हाताला धरून नेणं. ते आपलं घर सोबत घेऊन जातात, आतली रिकामी वजनंसुद्धा. मला हा नियम मनापासून पटतो.

सवय ईमॅक्सची, म्हणजे स्वतःची लिस्प असलेल्या एका एडिटरची. तिथलं जुनं फ्लेट काही काळापुरतं बाहेरचंच नाव बदलायचं, त्यामुळं चिठ्ठीही चालायची. २०१३ च्या २४.३ आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं, माझी बोटं मात्र तिथंच राहिली. आणि प्रोग्रॅमचं भाषांतर करणाऱ्या कम्पायलरनं सांगितलंही होतं, आतलं फंक्शन कुणी वापरलंच नाही म्हणून. मी ती ओळ वाचली नाही. याचं वाईट वाटतं.

उद्या गेल्या हंगामाची फाईल उघडायची. तिच्यातही हीच ओळ आहे.