गेटची कडी

अजूनही रात्री गेटची कडी वाजली की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणी नागपुरात महाल भागातल्या घरी बाबा पिऊन यायचे, कडी वाजली की आई भर थंडीतही कूलरचा नुसता पंखा फुल करायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून, अन् मी आणि ताई झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहायचो.

लहान वयात रोज अशी भीती असली की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढत राहतं, धोका ओळखणारा मेंदूतला अमिगडाला जास्तच सावध होतो, मग मोठेपणी साध्या आवाजानेही छाती धडधडते. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि आंडा यांचा मोठा अभ्यास आला, त्यात लहानपणी असे ४ किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांना, एकही न आलेल्यांपेक्षा, दारूचं व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला. धोका म्हणतेय मी, होणारच असं नाही.

मी थेरपी घेतेय. कोणाला बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, खरंच करा फोन.

परवा लेकीच्या हातून वरणाची वाटी सांडली, तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती नजर मला माहीत आहे. मी खाली बसले अन् तिच्यासोबत फरशी पुसली.