घरची द्राक्षं

निफाडचा द्राक्षवाला आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नात, एसटीत, पुण्याला बहिणीच्या सोसायटीत: "तुम्ही स्वतः खाता का हो? की घरच्यासाठी वेगळी ओळ ठेवता?" विचारणारा हसतो. मीही हसायचो.

वेगळी ओळ नाही. बिनफवारणीची ओळ ठेवली तर डावणी, म्हणजे पानाघडावरची बुरशी, आधी तिथेच बसेल आणि चार दिवसांत बाग घेईल. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर कोंब फुटताना, फुलोऱ्यात पाऊस झाला की रात्री अकराला ट्रॅक्टर काढावाच लागतो. वेलींच्या लोखंडी अँगलवर मोरचूद-चुन्याचा निळसर थर नखानं खरवडता येतो. त्यातलं तांबं मातीत उतरतं आणि तिथेच साठतं, कबूल. पण बिनडागाचा, टपोरा घड कोणाला हवा असतो?

2010 चं सांगतो. शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून आम्ही क्लोरमेक्वाट मारायचो, आमच्याकडे सीसीसी म्हणतात. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून माझा रिपोर्ट स्वच्छ. युरोपात माल तपासला गेला. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर अडकले. माझा माल अजून वेलीवर होता. 40 रुपयांनी सौदा ठरलेला, पण निर्यातदार फोन उचलेना. मार्चचं ऊन, मणी मऊ पडायला लागले. आठव्या दिवशी लोकलचा व्यापारी आला, 12 रुपयांनी बाग घेतली. घड तेच, क्रेट तेच. गाडी उत्तरेकडे गेली. कोणी नमुना मागितला नाही, मीही काही बोललो नाही. पट्टीचे पैसे मोजून घेतले.

त्याच खुड्यातली एक पेटी नेहमीसारखी बहिणीकडे पाठवली. तिनं पेपर वाचला होता. संध्याकाळी फोन.

"दादा, ही तीच का?"

"नाही गं. ही घरची."

म्हणजे ती वेगळी ओळ मीच लावली, तोंडानं.

पुढे कितीतरी दिवस हिशेब मांडत बसलो. मर्यादा म्हणजे टनाला 50 मिलिग्रॅम, एवढ्यानं कोणाला काय होतंय! कदाचित नसेलही होत. मग खोटं का बोललो? आणि मर्यादा नुसती कागदी होती, तर एक्सपोर्टच्या प्लॉटला आता इतका जपतो ते कशाला? सीसीसी बंद. कोणतं औषध कधी मारलं, खुड्याला किती दिवस उरले, सगळं डायरीत. शेजारच्या माझ्याच लोकलच्या प्लॉटला डायरीच नाही. तिथे कोणी मागत नाही, मागितली तरी रुपया जास्त देत नाही. याला तुम्ही उत्तर म्हणाल का, माहीत नाही. मला दुसरं सापडलेलं नाही.

तर, खातो का? खातो. सकाळी बागेत फिरताना, शर्टाला पुसून, कुठल्या प्लॉटातली ते न बघता, असं लिहिणार होतो.

बघतो. एक्सपोर्टच्या प्लॉटातली तोडतो.