तिसऱ्या दिवसाचा वक्ता

आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात आणि तिसऱ्या दिवशी माणसं. पहिला दिवस फौजी माणसाचा. कर्नलसाहेब नाहीतर ब्रिगेडियरसाहेब येतात, छातीवर पदकं असतात, कारगिल नाहीतर ७१ निघतं आणि मागची पोरं शिट्ट्या मारतात. दुसरा दिवस आपल्या भागाच्या इतिहासाचा. तिसरा असतो परराष्ट्र खात्यात हयात घालवलेल्या एखाद्या राजदूताचा, किंवा तह, करार, सीमेच्या वाटाघाटी यांत मुरलेल्या जुन्या लष्करी अधिकाऱ्याचा. त्या संध्याकाळी गावात नेमकं कुणाचं तरी लग्न असतं, कुणाचा कापूस जिनिंगला जायचा असतो, कुणाला थंडी बाधते. आणि माझी सगळी माया त्या तिसऱ्या दिवसावर, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना तेवढी सूट धरा.

मालेचा शेवट १६ डिसेंबरला, विजय दिवसाला व्हायचा असा नेम आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. फक्त प्रास्ताविक पाच मिनिटांत आटपायचं असं बैठकीत दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी ते मंडळाच्या स्थापनेपासून सुरू होतं.

लष्कर म्हणजे आमच्याकडे लांबची गोष्ट नाही. भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे. वरणगावची तर ६२ च्या युद्धानंतरच उभी राहिली. तिथून निवृत्त झालेले दोघं-तिघं आप्पा मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसतात. वक्त्याने काडतुसांचा विषय काढला की एकमेकांकडे बघून मान हलवतात. बोलत काही नाहीत, नोकरीनेच ती सवय लावली आहे. पण ते तिन्ही दिवस येतात, म्हणून त्यांचा उल्लेख आधी. आणि २००९ च्या नोव्हेंबरात प्रतिभाताई पुण्याहून सुखोईतून उडाल्या, त्या वर्षी प्रत्येक वक्त्याने सुरुवात त्यांच्यापासूनच केली. तिन्ही दलांच्या सरसेनापती आमच्या जळगाव जिल्ह्याच्या लेक! टाळ्या हमखास.

दुसऱ्या दिवसाचं एक भाषण विसरता येत नाही. आमच्याच गावच्या निवृत्त प्राध्यापकांनी जेम्स औट्रमवर केलेलं. १८२५ साली या पोरसवदा इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली, एवढं बहुतेकांच्या कानावर होतं. सरांनी पुढचा माणूस दाखवला. खानदेशातून तो गुजरातेत महीकांठ्यात गेला, मग सिंध, सातारा, बडोदा, लखनौ. गणवेश तोच, काम मात्र राजकीय अधिकाऱ्याचं. सिंध घशात घालण्यावरून ते जिंकणाऱ्या सेनापती नेपियरशी भांडला. बडोद्याच्या रेसिडेन्सीतली, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीतली, लाचखोरी उघड करणारा अहवाल लिहिला म्हणून तिथून हटवला गेला. आणि १८५६ मध्ये अवध खालसा झालं तेव्हा लखनौचा रेसिडेंट म्हणून हजर होता तोही हाच. सर म्हणाले, त्याला हिरो करू नका. डोंगरातले भिल्ल आवरायला भिल्लांच्याच हाती बंदूक दिली, हे सीमेवरच्या राजकारणाचं जुनंच तंत्र आहे. तेव्हा चोपड्याकडून आलेला एक भिल्ल मुलगा उभा राहिला. "सर, त्या पलटणीतल्या आमच्या माणसांची नावं कुठं मिळतील?" सर बराच वेळ गप्प होते. गॅझेटियरात साहेबांचीच आहेत, एवढंच म्हणाले. मुलगा खाली बसला, पण अध्यक्षीय भाषणाकडे मग कुणाचं लक्ष राहिलं नाही. बरंच झालं.

आता तिसरा दिवस. एका वर्षी परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुण्याहून एकटेच रेल्वेने आले. हातात कापडी पिशवी. स्टेशनवर न्यायला गेलेल्या पोरांनी त्यांना ओळखलंच नाही, ती हारवाली पोरं सुटाबुटातल्या माणसाच्या शोधात पुढे निघून गेली. साहेब रिक्षा करून सभागृहात हजर.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे नकाशा आणून टांगण्याचं काम माझ्याकडे. साहेबांनी विषय घेतला तो १९४९ चा कराचीचा करार. काश्मीरमधली भारत-पाकिस्तान युद्धविराम रेषा त्यात २७ जुलैला ठरली. भारताच्या बाजूने सही करणारे लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, जन्म कोल्हापूरचा. सोबत एच. एम. पटेल आणि विष्णू सहाय हे सनदी अधिकारी. सैनिकाने आखायचं आणि सनदी माणसाने शेजारी बसून ऐकायचं, अशी ती बैठक. रेषा गावागावांवरून, नाल्यांवरून, शिखरांवरून येत येत एन जे ९८४२ नावाच्या एका बिंदूशी थांबली. पुढे कागदावर एवढंच, की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. त्या बर्फात कोण जाणार, असं वाटलं असावं. १३ एप्रिल १९८४ ला आपलं सैन्य तिथे गेलं, त्याला आपण सियाचेन म्हणतो.

बिंदू दाखवायला म्हणून साहेब नकाशाकडे वळले. चष्मा कपाळावर सरकवला आणि कापडाला नाक लागेल इतके जवळ गेले. बोट वर वर जात राहिलं. आमच्या नकाशाला नेमकी तिथेच घडी पडून दोरे निघालेले. "मॅडम, खडू आहे का?" नकाशावर खडू लावणाऱ्या कितीतरी मुलांना मी बाकावर उभं केलंय. त्यांना मात्र पटकन काढून दिला.

मग ते १९७२ वर आले. सिमला करार २ जुलैला झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नियंत्रण रेषा प्रत्यक्ष नकाशांवर आखायला डिसेंबर उजाडला. आपल्याकडून लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंह भगत, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. पलीकडून लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. ठाको चक नावाच्या इवल्याशा वस्तीवरून सगळं अडून बसलं. माणेकशा स्वतः लाहोरला जाऊन आले तेव्हा गाडं हललं, आणि ११ डिसेंबरला सुचेतगडला नकाशांवर सह्या झाल्या. एवढं ऐकून मधल्या रांगेतले एक शेतकरी दादा बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, हाई ते आमना बांधनं भांडण शे!" सभागृह हसलं. साहेबांना अहिराणी कळली की नाही देव जाणे, पण तेही हसले आणि म्हणाले, "बांधच. फक्त तलाठी नव्हता." त्या वाक्यावर आमच्या निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी टोपी काढून नमस्कार केला.

याच साहेबांनी चहाच्या वेळी आप्पासाहेब पंतांच्या आठवणी सांगितल्या. औंधचे राजपुत्र, सूर्यनमस्काराचं घराणं. हा माणूस १९५५ पासून गंगटोकला भारताचा राजकीय अधिकारी होता आणि सिक्कीम, भूतान, तिबेट यांच्याकडे एकाच खिडकीतून बघत होता. नेहरू १९५८ मध्ये नथू ला खिंड ओलांडून, डोंगर तुडवत भूतानला गेले तेव्हा पंत सोबत होते. हे खरं व्यासपीठावर यायला हवं होतं. पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, आणि आमच्याकडे आभार एकदा सुरू झाले की थांबवता येत नाहीत.

तरी माझ्या मनात सगळ्यात वर आहे ते जनरल थोरातांवरचं भाषण. वक्ते एक निवृत्त कर्नल. खरं तर पहिल्या दिवसाचे, पण अदलाबदल होऊन तिसऱ्या दिवशी आले, म्हणून गर्दी हुकली. साधा निळा स्वेटर, पदक एकही नाही. सुरुवात कोरियापासून केली. १९५३ मध्ये, मायदेशी परतायला नकार देणारे हजारो युद्धकैदी सांभाळायला भारताने फौज पाठवली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, राजकीय बाजू बघणाऱ्यांत पी. एन. हक्सर, आणि प्रत्यक्ष फौजेचे प्रमुख आपले शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर भारतीय पाऊल पडू देणार नाही म्हटल्यावर आमच्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत धरून ठेवलं. थोरातांनी फौज घुसवली नाही. स्वतः आत गेले, त्यांच्याशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. कर्नलसाहेब इथे थांबून म्हणाले, "हे सैनिकाचं काम की वकिलातीचं, तुम्हीच ठरवा."

आणि मग १९५९. थोरात तेव्हा पूर्व विभागाचे प्रमुख, मुख्यालय लखनौला. ऑगस्टमध्ये चीनच्या सीमेवर लाँगजूला गोळीबार झालेला. नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाचा कारभार त्या काळी परराष्ट्र खात्याकडे होता, राष्ट्रपतींच्या वतीने तो आसामचे राज्यपाल बघत. आणि त्या ऑक्टोबरात राज्यपाल म्हणून आले ते कराचीला सही करणारे तेच श्रीनागेश. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांची दोन भाषणं माझ्या डोक्यात तिथे एकदम जुळली, आणि ते सांगायला शेजारच्या खुर्चीत कुणीही नव्हतं!

थोरातांनी त्या ऑक्टोबरात एक टिपण लिहिलं. अगदी सीमारेषेवर लढू नका. पुढे छोटी ठाणी ठेवा, पण खरी फळी मागे बोमदिलाच्या आसपास धरा. रस्ते, माणसं, रसद एवढी एवढी लागेल. आणि ते मिळालं नाही तर असं असं होईल. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सरावही घेतला. तेव्हा लष्करप्रमुख असलेल्या थिमय्यांना पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी उडवून लावलं, असं थोरातांनी लिहून ठेवलंय. सेनापती म्हणून थिमय्यांनी त्यांचं नाव सुचवलं होतं, नेमणूक थापरांची झाली आणि १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात बोमदिला चिन्यांच्या हाती पडलं.

कर्नलसाहेबांनी हे सांगताना आवाज अजिबात चढवला नाही. तारीख, ठिकाण, तारीख, ठिकाण. मला नेहमी असंच बोलणं हलवतं. रणगाड्यांच्या गोष्टींना माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, न वाचलेल्या टिपणाच्या गोष्टीला येतं. शेवटी ते "प्रश्न?" म्हणाले, तेव्हा पुन्हा आमचे तलाठी भाऊसाहेबच उठले. "साहेब, टिपणी शेरा मारून परत आली, की फाइलमध्येच राहिली?" कर्नलसाहेब पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, युद्ध संपल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं आणि हा कागद मला का दाखवला नाही असं विचारलं. भाऊसाहेब "म्हणजे वरपर्यंत गेलीच नव्हती" असं पुटपुटत बसले. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं होतं तेच दिल्लीतही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवशी मंडळाच्या कार्यकारिणीतले निम्मे लोक नव्हते. नावं घेत नाही. पण पहिल्या दिवशी व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसणारे आणि हाराचा फोटो निघताच पार्किंगकडे सुटणारे तेच, हे त्यांनाही माहीत आहे.

२०२० ला व्याख्यानमाला झाली नाही. पुढे सुरू झाली तेव्हा गलवान हाच विषय. एका वक्त्यांनी सांगितलं, की लडाखमध्ये चीनशी चाललेल्या कोअर कमांडरांच्या बैठकींत सहाव्या फेरीपासून, म्हणजे २१ सप्टेंबर २०२० पासून, परराष्ट्र खात्याचे संयुक्त सचिवही बसले. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नसेल, असं मला वाटलं. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत काही आठवडे परराष्ट्र सचिव विजय गोखले आणि लष्करप्रमुख नरवणे, दोघेही पुण्याचे. यावर मात्र पुणेकरांच्या नावाने दोन टोमणे पडलेच.

भाषणानंतर पाहुण्यांना मळ्यात भरीत खाऊ घालायची आमची पद्धत. हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वर लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. कर्नलसाहेबांनी उकिडवं बसून स्वतः वांगी सोलली, बोटं भाजली तरी सोडली नाहीत. त्या तासात ते व्यासपीठापेक्षा जास्त बोलले, पण ते लिहायचं नाही असं वचन दिलंय.

आता ज्यांच्याशिवाय हे होत नाही ते. मंडपवाले अण्णा, ज्यांचं मागच्या वर्षीचं बिल थकलं तरी यंदाच्या खुर्च्या आल्या. माईकवाला दादा. चहाचे नाना आणि त्यांची सून. मळा देणारे काका, वांगी निवडणाऱ्या काकू, भाकरी थापणाऱ्या चौघी मावश्या. पाचव्या मावशी दोन वर्षं आजारी आहेत पण तव्यांची मोजणी अजून त्याच फोनवरून करतात. फलकावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिणारे चित्रकलेचे सर. स्टेशनवर पाहुणे न ओळखणारी, पण परतीच्या गाडीत मात्र न चुकता बसवून देणारी पोरं. वाचनालयातल्या ताई, ज्यांनी थोरातांचं आत्मचरित्र कुठून तरी मिळवून आणलं. नकाशा खाली-वर करणारा शाळेचा शिपाई, ज्याला मी रागावले आणि ज्याने मनावर घेतलं नाही. सभागृह झाडणाऱ्या दोघी बहिणी. वर्गणी देणारे व्यापारी, आणि वर्गणी न देता तिन्ही दिवस येणारे भाऊसाहेब. वरणगावचे आप्पा वर आलेच आहेत, पण पुन्हा एकदा असू द्या.

यंदाही १६ तारखेला संध्याकाळी सहाला. वक्ते सीमाप्रश्नावरच्या चर्चांमध्ये बसलेले आहेत, विषय १९९३ चा भारत-चीन शांतता करार. स्वेटर आणा, दारं लागत नाहीत. आणि हो, जनरेटरवाले भाऊ राहिलेच. थोरातांच्या भाषणात बोमदिलाला पोचलो आणि वीज गेली, तेव्हा अर्ध्या मिनिटात दिवे लावले होते त्यांनी.